व्हायवाची सवय मोडून मुलाखतीला जा

मुंबई विद्यापीठाच्या अभियांत्रिकीच्या आठ सेमिस्टरांत आपण इतक्या व्हायवा देतो की, टेबलापलीकडे अनोळखी माणूस दिसला की शरीर आपोआप त्या बेतात जातं. एक्स्टर्नल विचारतात, ‘नॉर्मलायझेशन म्हणजे काय?’ आपण जर्नलमधली व्याख्या म्हणून दाखवतो. आली तर आली, नाही तर मान खाली घालून गप्प. शेजारी आपले सर असतात. ‘हुशार आहे, जरा घाबरलाय’ म्हणून तेच वेळ मारून नेतात आणि पंचवीसपैकी अठरा मार्क पडतात. फिनोलेक्स अकॅडमी असो, देवरूखजवळचं आंबवचं माने कॉलेज असो की गोगटे-जोगळेकरमधलं आयटी, पदवीची सगळी वर्षं हेच चालतं. त्यामुळे पदवी हातात पडते तेव्हा ही सवय अगदी पक्की झालेली असते.

सॉफ्टवेअर डेव्हलपरच्या मुलाखतीत आपलं सगळ्यात जास्त नुकसान हीच सवय करते. मी मूळचा रत्नागिरीचा, नोकरी पुण्यात, आणि फ्रेशर्सच्या मुलाखती घेणं हा माझ्या कामाचाच भाग आहे. कोकणातला उमेदवार काही येत नव्हतं म्हणून परत गेला, असं मी क्वचित पाहिलं. येत असलेलं बोलला नाही म्हणून गेला, असं मात्र वरचेवर. एक तर आपण मुळात मितभाषी. त्यात ‘उगाच बढाया मारू नयेत’ हे घरचं वळण. पण मुलाखत घेणाऱ्याला मार्क द्यायचे नसतात. उद्यापासून हा माणूस माझ्या शेजारी बसणार, अडला की काय करणार, हे त्याला तासाभरात ओळखायचं असतं. तुम्ही गप्प बसलात की त्याच्या हाती काहीच लागत नाही.

मोठ्या कंपन्यांत आधी ऑनलाइन चाचणी असते, त्यात गणित-तर्क आणि एकदोन प्रोग्राम. मग टेक्निकल फेरी, शेवटी एचआर. लहान कंपनीत चाचणीऐवजी घरी करायला काम देतात आणि मग थेट मालकच बोलतात. चाचणीबद्दल फार लिहीत नाही, ती सरावाने जमते. अडतं ते टेक्निकल फेरीत.

अडल्यावर काय करायचं

नेहमी येणारा एक प्रश्न घ्या. तुमच्याकडे आकड्यांची एक यादी आहे. त्यातल्या कोणत्या दोन आकड्यांची बेरीज अमुक एक संख्या होते, ते शोधा. व्हायवाच्या सवयीचा उमेदवार इथे दोनपैकी एक गोष्ट करतो. पाठ असेल तर खाली बघून सटासट कोड लिहून मोकळा होतो. पाठ नसेल तर स्क्रीनकडे टक लावून बसतो.

त्याऐवजी आधी प्रश्न विचारा. यादीत ऋण आकडे असतील का? तोच आकडा दोनदा वापरला तर चालेल का? अशी जोडी नसलीच तर काय परत द्यायचं? एकापेक्षा जास्त जोड्या असतील तर एक हवी की सगळ्या? हे विचारल्याने अडाणी ठरू, अशी भीती आपल्याकडे फार आहे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा प्रश्न मुद्दामच अर्धवट ठेवलेला असतो. ऑफिसात ग्राहकही अर्धवटच सांगतो. न विचारता जो कामाला लागतो, तो आठवड्याने चुकीची गोष्ट बनवून आणतो.

मग सुचेल तो साधा, भोळा उपाय मोठ्याने सांगा: ‘प्रत्येक आकडा बाकीच्या प्रत्येकाबरोबर जोडून बघेन.’ तो हळू आहे हे माहीत असूनही सांगा, आणि का हळू आहे तेही सांगा. यादीत हजार आकडे असतील तर जोड्या होतात ४,९९,५००. यादी एक लाखाची झाली तर जोड्या सुमारे ५०० कोटींवर जातात. हा हिशेब तोंडी मांडलात तर ‘टाइम कॉम्प्लेक्सिटी म्हणजे काय’ हा प्रश्न विचारायची वेळच येत नाही. पुढची पायरीही त्यातूनच सुचते. आकडा हातात आला की त्याला पूरक आकडा कोणता ते आपल्याला ठाऊकच आहे. मग तो आधी येऊन गेला का, एवढंच बघायचं. येऊन गेलेले आकडे हॅशमॅपमध्ये ठेवले की यादीवरून एकदाच फिरावं लागतं. जागा जास्त लागते, वेळ वाचतो. हे ‘जागा देऊन वेळ घेतला’ असं म्हणून दाखवणं महत्त्वाचं.

शेवटी कोड लिहिल्यावर ‘झालं सर’ म्हणून थांबू नका. एक छोटी यादी घेऊन ओळीओळीने तुमचाच कोड बोटाने चालवून दाखवा. रिकामी यादी दिली तर? एकच आकडा असेल तर? चूक सापडली तर तिथेच दुरुस्त करा. स्वतःची चूक स्वतः पकडणारा उमेदवार, पहिल्याच फटक्यात बरोबर लिहिणाऱ्यापेक्षा मला तरी जास्त भरवशाचा वाटतो.

आणि खरंच माहीत नसेल तर? ‘हे मी वापरलेलं नाही. नावावरून अंदाज असा की...’ असं म्हणून अंदाज बांधा. ठोकून देणं आणि अंदाज आहे असं सांगून अंदाज बांधणं, यातला फरक समोरच्याला लगेच कळतो. मुलाखतकाराने मध्येच सूचना दिली, तर ती हरल्याची खूण समजू नका. सूचना दिली की तुम्ही ती कशी उचलता, हाच त्या वेळचा खरा प्रश्न असतो. व्हायवात ‘हिंट’ मिळाली की मार्क कापले जात. इथे ती न ऐकता आपलंच घोडं पुढे दामटणाऱ्याचे कापले जातात.

प्रोजेक्ट: लायब्ररी नको, पट्टी चालेल

बायोडेटावर ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम’ किंवा ‘हॉटेल मॅनेजमेंट सिस्टिम’ दिसली की समोरच्याला पहिला संशय येतो तो तयार प्रोजेक्ट विकत घेतल्याचा. बऱ्याचदा चौघांच्या गटात कोड एकानेच लिहिलेला असतो. तो एक तुम्ही नसाल तर टेक्निकल फेरीच्या पाचव्या मिनिटाला ते उघडं पडतं.

आपल्या जिल्ह्यात प्रोजेक्टला विषयांचा तुटवडा नाही. घरी किंवा शेजारी कोणाची तरी हापूसची बाग असतेच. मार्च ते मे पेट्या वाशीला जातात. कुठली पेटी पाच डझनाची, कुठली सहाची. प्रत्येकीवर बागायतदाराची खूण. काही दिवसांनी तिकडून पट्टी येते: विक्री इतकी, त्यातून भाडं, हमाली वजा, शिल्लक इतकी. हा हिशेब अजून कित्येक घरांत वहीत किंवा व्हॉट्सॲपवरच्या फोटोंत पडून असतो. यावर साधं ॲप लिहा आणि एका खऱ्या बागायतदाराला एक सीझन वापरायला द्या. असं ॲप घेऊन गेलात की मुलाखतीतले निम्मे प्रश्न तुमच्या अंगणातले होतात.

उदाहरणार्थ, पैसे कोणत्या प्रकारात साठवले? ‘फ्लोट’ असं उत्तर दिलंत तर पुढचा प्रश्न येणारच. संगणक फ्लोटमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ अशी देतो, कारण हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत नेमके बसत नाहीत. शेकडो पट्ट्यांच्या बेरजेत मग पैशांचा मेळ बसेनासा होतो. म्हणून रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून ठेवायची किंवा डेटाबेसचा डेसिमल प्रकार वापरायचा. हे पुस्तकात वाचलेलं असणं वेगळं आणि काकांच्या पट्टीत चार पैशांचा फरक दिसला म्हणून शोधून काढलेलं असणं वेगळं. दुसरी गोष्ट सांगताना आवाजच बदलतो.

एसक्यूएलचा सगळ्यांचा आवडता प्रश्नही इथेच सापडतो: ज्यांना या महिन्यात एकही पट्टी आली नाही, असे बागायतदार शोधा. इनर जॉइन लावलात तर नेमके तेच गळतात. बागायतदारांपासून सुरुवात करून पट्ट्यांशी लेफ्ट जॉइन करायचं आणि जिथे पट्टीची बाजू नल आहे तेवढ्या ओळी ठेवायच्या. त्यात एक खाच आहे. महिन्याची अट जॉइनच्या ‘ऑन’मध्ये घालायची, ‘व्हेअर’मध्ये टाकली तर ज्या ओळी हव्यात त्याच उडून जातात. काहीजण ‘नॉट इन’ वापरतात. आतल्या यादीत एक जरी नल आला तरी उत्तर रिकामं येतं. एवढं स्वतःहून सांगितलंत तर समोरचा मान वर करून बघतो.

बागेत नेटवर्क नसतं तेव्हा ॲप काय करतं? दोघांनी एकाच वेळी तीच नोंद बदलली तर? खूण चुकीची वाचली गेली तर दुरुस्ती कशी करता, आणि जुनी नोंद पुसता की ठेवता? या प्रश्नांची उत्तरं परिपूर्ण नसली तरी चालतात. ‘अजून हे केलेलं नाही, करायचं झालं तर असं करेन’ हेही उत्तर आहे. कोड गिटहबवर ठेवा आणि रीडमी नीट लिहा. एका रात्रीत एकदम चढवलेला कोड आणि चार महिन्यांत थोडाथोडा वाढलेला कोड, यांचा इतिहास तिथे तारखेनिशी दिसतो.

कोडी आणि नकार

विमानात गोल्फचे किती चेंडू मावतील, असले प्रश्न विचारायची एक लाट होती. गूगलच्या मनुष्यबळ विभागाचे तेव्हाचे प्रमुख लाझ्लो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरच सांगितलं की, अशी कोडी म्हणजे निव्वळ वेळेचा अपव्यय आहे. त्यांतून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही. तरी आपल्याकडे अजून कुठे कुठे ती येतात. आली तर वैतागू नका. गृहीतकं मोठ्याने मांडा, गुणाकार करा आणि पुढे सरका.

नकाराबद्दलही एक माहिती असू द्या. मॅक्स हॉवेल या प्रोग्रामरने ‘होमब्रू’ नावाचं साधन लिहिलं. मॅकवर काम करणारे डेव्हलपर ते सर्रास वापरतात. गूगलमधलेही वापरत. २०१५ मध्ये त्याला गूगलने मुलाखतीत नाकारलं. फळ्यावर बायनरी ट्री उलटा करता आला नाही म्हणून, असं त्याने ट्विटरवर चिडून लिहिलं आणि त्यावर जगभर वाद झाला. मुलाखत हे मोजमाप ढोबळच आहे. तरीही बायनरी ट्री उलटा करायला शिका. चारपाच ओळींचं काम आहे.

इंग्रजी, पाऊस आणि गाडी

मराठी माध्यमातून आलेल्यांची धास्ती इंग्रजीची असते. व्याकरणाचे मार्क कोणी धरत नाही, पण वाक्य पुरं व्हावं लागतं. आपला प्रोजेक्ट दोन मिनिटांत इंग्रजीतून सांगायचा सराव रोज मोठ्याने करा, फोनवर ध्वनिमुद्रित करून ऐका. पहिल्यांदा ऐकताना स्वतःचीच लाज वाटते; त्याला इलाज नाही. पुण्यातल्या लहान कंपन्यांत मुलाखत घेणारा मराठी निघण्याची शक्यता बरीच. तरी आपण होऊन मराठीवर उतरू नका. अडलात तर ‘एवढं मराठीत सांगितलं तर चालेल का?’ असं विचारा. कॉलेजातल्यासारखं उभं राहून प्रत्येक वाक्याला ‘सर’ लावायचीही गरज नाही. सुरुवातीला सर-मॅडम म्हणा. ते नावाने हाक मारायला सांगतील तर तसं करा.

आता पहिल्या फेऱ्या बहुधा व्हिडिओ कॉलवर होतात. जून-जुलैत रत्नागिरीत हा वेगळाच विषय आहे. वीज जाते, ती कधी येईल सांगता येत नाही. लॅपटॉप पूर्ण चार्ज, फायबर बंद पडला तर दुसऱ्याच कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट, आणि एचआरचा नंबर कागदावर लिहिलेला, एवढी तयारी आदल्या रात्रीच हवी. घरावर पत्रे असतील तर सरीचा आवाज माइकमध्ये इतका येतो की समोरच्याला शब्द लागत नाही. अशा वेळी नाचण्याला किंवा साळवी स्टॉपला स्लॅबच्या घरात राहणारा मित्र किंवा आत्या गाठा. कॉल तुटला तर लगेच फोन किंवा मेसेज करून कळवा. वीज गेली म्हणून कोणी कोणाला नापास करत नाही. कळवलंच नाही, तर मात्र समोरचा तुमची वाट बघून पुढच्या उमेदवाराकडे वळतो.

कॅमेऱ्यासमोर बसून बाजूच्या खिडकीत एआयकडून उत्तर काढणारेही आता भेटतात. डोळे डावीकडून उजवीकडे सरकताना दिसतात, आणि ‘हे असं का लिहिलंत?’ म्हटलं की शांतता पसरते. या प्रकारापायीच कंपन्या पुन्हा समोरासमोरच्या फेऱ्यांकडे वळल्या आहेत. गूगलनेही किमान एक फेरी प्रत्यक्ष घेण्याचं ठरवल्याचं सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये सांगितलं. सरावासाठी एआय जरूर वापरा. त्याला मुलाखतकार बनवा आणि स्वतः उत्तर द्या.

प्रत्यक्ष बोलावणं आलं तर आदला दिवस प्रवासाला ठेवा. रात्रीची एसटी पहाटे स्वारगेटला सोडते खरी, पण हिंजवडी शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे आणि सकाळची तिथली गर्दी प्रसिद्धच आहे. खासगी गाडी बायपासने जाणार असेल तर वाकडला उतरता येईल का, ते चढतानाच विचारून घ्या. ऐरोली-घणसोलीकडे जायचं असेल तर रेल्वेने ठाण्याला उतरून ट्रान्स-हार्बर लोकल सोयीची. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक असतं, गाड्यांचा वेग कमी आणि वेळा वेगळ्या. उन्हाळ्यातल्या वेळा डोक्यात ठेवून स्टेशनवर गेलात तर गाडी चुकेल. मामाकडे किंवा मित्राच्या खोलीवर एक रात्र काढता आली तर उत्तमच. न झोपलेल्या डोक्याने रिकर्शन सुचत नाही.

एचआर फेरीत पगाराचा हिशेब

‘अपेक्षा काय?’ या प्रश्नाला ‘तुम्ही द्याल ते’ हे आपलं ठरलेलं उत्तर. त्यापेक्षा सीटीसीची फोड मागा. वर्षाला ३ लाख ६० हजार म्हणजे महिन्याला ३० हजार हातात, असं घरी सांगून ठेवू नका. मूळ वेतन १५ हजार धरलं तर पीएफचा कंपनीचा वाटा १,८०० आणि ग्रॅच्युइटीची सुमारे ७२१ रुपयांची तरतूद या तीस हजारांतच मोजलेली असते. पुन्हा तुमचा पीएफचा वाटा १,८०० आणि व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) कापला जातो. राहिले सुमारे २५,४७९. त्यात दहा टक्के ‘व्हेरिएबल’ असेल तर आणखी तीन हजार दर महिन्याला मिळत नाहीत; वर्षाअखेर मिळाले तर मिळाले. साडेबावीस हजारांत वाकड-हिंजवडीला खोली, डबा आणि बसभाडं बसतं का, ते सही करण्याआधी बघा.

बाँडची अट असेल तर कागद पूर्ण वाचा. ‘बाँडला कायद्यात काही अर्थ नसतो’ असं सिनिअर छातीठोकपणे सांगतात. तसं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक बाँड असाच टिकेल असं नव्हे, पण सही गमतीत करू नका. मूळ मार्कशीट कोणी जमा करून ठेवायला मागितल्या तर देऊ नका; पडताळणीसाठी दाखवा, प्रत द्या, मूळ परत घ्या. नोकरीसाठी ‘ट्रेनिंग डिपॉझिट’ मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका, ऑफिस कितीही चकाचक असलं तरी.

दोन वर्षांचा खोटा अनुभव कागदावर दाखवून देणाऱ्या कन्सल्टन्सी पुण्यात तुम्हाला गाठतीलच. रत्नागिरीतून गेलेल्या मुलाला रूमवरचा कोणीतरी ‘सगळे असंच करतात’ म्हणून तिथे घेऊन जातो. पीएफच्या यूएएन खात्यावर कुठल्या कंपनीत किती महिने होतात हे सगळं नोंदलेलं असतं आणि पार्श्वभूमी तपासणाऱ्या संस्था पहिल्यांदा तेच बघतात. रुजू झाल्यावर सहा महिन्यांनी उघडकीला येऊन काढून टाकल्याची उदाहरणं आहेत. मग पुढच्या कंपनीला ते सहा महिनेही सांगता येत नाहीत.

मुलाखत आटोपली की त्याच संध्याकाळी, परतीच्या गाडीत का होईना, विचारलेले सगळे प्रश्न फोनवर टिपून ठेवा. न आलेले तर नक्कीच. दोन दिवसांनी ते घरी सोडवा आणि कॉलेजच्या धाकट्या मुलांच्या ग्रुपवर टाका; त्यांच्याकडूनही असेच प्रश्न तुमच्याकडे येतील. आठवड्याभरात निकाल कळला नाही तर एचआरला दोन ओळींचा मेल करा. नकार आला तर आभार मानून, पुन्हा अर्ज किती महिन्यांनी करता येतो ते त्याच मेलमध्ये विचारा. अनेक कंपन्यांत ही मुदत सहा महिन्यांची असते.